टॉक्सोचा आकडा खाली यायची वाट पाहत बसू नका

ताई, तुम्ही लिहिलेली हकिगत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मला ती नीट समजलीय का ते तुम्हाला कळेल. वय २८, सासर तासगावच्या जवळ, घरची द्राक्षबाग, गोठ्यात दोन शेळ्या आणि घरात मांजर. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा सातव्या-आठव्या आठवड्यात गेले. पहिल्यांदा ठोके आलेच नाहीत, दुसऱ्यांदा येऊन थांबले. पहिल्या वेळी पिशवी साफ केल्यावर टॉर्च तपासणी, म्हणजे टॉक्सो, रुबेला अशा काही जंतूंसाठीची एकत्र रक्ततपासणी, झाली. तीत टॉक्सोप्लाझ्मा, म्हणजे टॉक्सो, या जंतूशी लढायला रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपैकी आयजीजी पॉझिटिव्ह आला, आयजीएम निगेटिव्ह. स्पायरामायसिन या टॉक्सोवरच्या औषधाचा कोर्स झाल्यावर परत दिवस राहिले, तेही टिकले नाहीत, म्हणून आणखी दोन कोर्स झाले. यजमानांचीही टॉर्च करून झाली. आयजीजीचा आकडा १४२ वरून ११८ वर आला आणि आता परत १३१ झालाय. निगेटिव्ह झाल्याशिवाय चान्स घेऊ नका, असं तुम्हाला सांगितलंय. मांजर सोडून या, असं सासूबाई म्हणताहेत. आणि तुमचा प्रश्न असा, की आणखी किती थांबायचं आणि हा जंतू शरीरातून कायमचा घालवायला औषध कोणतं?

तो आकडा निगेटिव्ह होणार नाही. पाच वर्षांनी तपासला तरी नाही. आणि तो निगेटिव्ह होण्याची तुम्हाला गरजही नाही. तुम्ही ज्याची वाट बघताय ते घडणारच नाहीये, आणि त्या वाट बघण्यात तुमचे चांगले महिने जाताहेत, म्हणून इतकं सविस्तर लिहायला बसलेय. गेली बरीच वर्षं मी मिरज-सांगलीत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात टॉर्चच्या चार-पाच रिपोर्टांची चळत, आणि थायरॉइडची साधी तपासणी एकदाही झालेली नाही, अशा मुली माझ्याकडे सतत येतात. जत, विटा, कडेगाव, पलीकडून कराड, सगळीकडून येतात.

टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी. १९०८ साली ट्युनिसमध्ये उंदराच्या जातीच्या एका प्राण्यात तो पहिल्यांदा सापडला. त्याचं पूर्ण जीवनचक्र फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होतं, हे कळायला त्यानंतर साठेक वर्षं गेली. माणसात तो दोन मुख्य वाटांनी येतो. मांजराच्या विष्ठेतून मातीत, भाजीवर किंवा पाण्यात गेलेली त्याची अंडी पोटात जातात, नाहीतर नीट न शिजलेल्या मांसातून तो येतो. पोटात गेल्यावर दोन-तीन आठवडे तो रक्तातून फिरतो, वाढतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. फार तर थोडी कणकण, मानेला एखादी गाठ. मग आपली प्रतिकारशक्ती त्याला आवरते आणि तो स्नायूंत, मेंदूत बारीक गाठोडी करून निपचित पडतो. त्या गाठोड्यांपर्यंत पोचून त्यांना संपवणारं औषध आजही नाही. जगातल्या साधारण एक तृतीयांश माणसांच्या अंगात तो असाच पडून आहे. आपल्याकडे मातीत हात घालणाऱ्या, गुरंढोरं सांभाळणाऱ्या घरांमध्ये आयजीजी पॉझिटिव्ह येणं ही रोजची गोष्ट आहे.

आता आयजीजी आणि आयजीएम या दोन नावांबद्दल. लागण झाली की आठवड्याभरात आयजीएम ही प्रतिपिंडं तयार होतात, आणि एक-दोन आठवड्यांत आयजीजी. आयजीएम काही महिन्यांत ओसरतात, कधीकधी वर्षभर किंवा त्याहूनही जास्त रेंगाळतात. आयजीजी दीड-दोन महिन्यांत वर चढतात, मग थोड्या खाली येतात आणि जन्मभर राहतात. तुमच्या दंडावर लहानपणीच्या बीसीजीचा व्रण असेल. तो बघून कोणी 'हिला टीबी झालाय' म्हणत नाही, आणि तो पुसायला गोळ्याही देत नाही. तुमच्या आयजीजीचं तसंच आहे. ही ओळख कधीतरी मागे झाली, कदाचित शाळेत असतानाच, आणि तिची नोंद रक्तात राहिली.

१४२, ११८, १३१ या आकड्यांत काहीच दडलेलं नाही. दर वेळी यंत्र वेगळं, किट वेगळं, बरेचदा लॅबही वेगळी. एकाच दिवशी एकाच रक्ताचे दोन नमुने दोन ठिकाणी दिले तरी एवढा फरक दिसतो. औषधामुळे तो ११८ झाला नाही आणि औषध बंद केल्यामुळे १३१ झाला नाही.

तरीही मनात येणारच, की हा माझ्या अंगात आहे, माझे दोन गर्भ गेले, मग संबंध नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे. गर्भाला धोका होतो तो आईला पहिल्यांदा लागण होते तेव्हा. त्या दोन-तीन आठवड्यांत परजीवी रक्तात असतो आणि वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो. ही पहिली लागण आयुष्यात एकदाच होते. समजा, तुमच्या पहिल्या गरोदरपणातच ती झाली होती, आणि त्यामुळेच ते बाळ गेलं. तसं असतं तर गर्भ गेल्यावर लगेच केलेल्या तपासणीत आयजीएम पॉझिटिव्ह दिसण्याची दाट शक्यता होती. तो निगेटिव्ह होता, म्हणजे लागण बहुधा जुनीच. आणि क्षणभर पहिल्या वेळेबद्दल शंका ठेवली, तरी दुसऱ्या गर्भाच्या वेळी तुमच्याकडे ही प्रतिपिंडं आधीपासून होती. दुसऱ्या गर्भपाताचा दोष टॉक्सोवर टाकता येत नाही. पुढच्या बाळाच्या वेळीही तीच प्रतिपिंडं तुमच्या बाजूने उभी असतील.

जत-आटपाडीकडच्या किंवा माण-खटावच्या मेंढपाळ घरातल्या बायकांना हे मी मेंढरांवरून सांगते आणि त्यांना ते चटकन पटतं. टॉक्सोमुळे मेंढ्या खरोखर गाभडतात, कळपात एका हंगामात पुष्कळ. पण त्यामुळे एकदा गाभडलेली मेंढी सहसा त्याच कारणाने पुन्हा गाभडत नाही, पुढच्या वेळी नीट विते. न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये मेंढ्यांना या रोगाची जी लस देतात, ती याच तत्त्वावर चालते. गाभ राहण्याआधी सौम्य ओळख करून द्यायची, म्हणजे गाभणपणी धोका नाही.

फ्रान्सचं उदाहरणही बोलकं आहे. तिथे कच्चं मांस खाण्याची सवय, त्यामुळे टॉक्सो पुष्कळ, म्हणून सरकारने प्रत्येक गर्भवतीची तपासणी सुरू केली. तिथे जिचा आयजीजी निगेटिव्ह असतो तिला जपायला सांगतात आणि दर महिन्याला परत तपासतात. जिचा आयजीजी आधीपासून पॉझिटिव्ह आणि जुना, तिला सांगतात की तुम्ही सुरक्षित आहात, पुन्हा यायची गरज नाही. जो रिपोर्ट हातात घेऊन तुम्ही दोन वर्षं काळजी करताय, त्याच रिपोर्टवर तिथली बाई निश्चिंत होऊन घरी जाते.

मग टॉर्च तपासणी सगळीकडे का होते? मुळात ही कल्पना नवजात बाळांसाठीची. १९७१ मध्ये आंद्रे नहमियास या अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञाने टॉक्सो, रुबेला, सायटोमेगालो आणि हर्पिस यांना एका नावाखाली आणलं, कारण आईच्या पोटात यांची लागण झालेली बाळं जन्मल्यावर एकमेकांसारखी दिसतात: डोकं लहान, कावीळ, यकृत-प्लीहा वाढलेले. गर्भ वारंवार का जातो हे शोधण्यासाठी ती तपासणी बनलेलीच नव्हती. वारंवार गर्भपात घडवायचा तर जंतू गर्भाशयात ठाण मांडून बसणारा हवा आणि आईला त्रास न देता तिथे टिकणारा हवा. टॉर्चमधला एकही त्यात बसत नाही. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने वीसेक वर्षांपूर्वीच ही तपासणी अशा कामासाठी सोडून द्यावी असं म्हटलं होतं. आपल्याकडे ती टिकली, कारण गर्भ गेलेल्या बाईला काहीतरी उत्तर हवं असतं, डॉक्टरांनाही काहीतरी हातात द्यावंसं वाटतं, आणि या तपासणीत काही ना काही पॉझिटिव्ह येतंच. तुमच्या डॉक्टरांचा हेतू वाईट होता असं मी अजिबात म्हणत नाही. स्पायरामायसिनने तुमचं काही नुकसानही झालेलं नाही. फक्त ते थांबवा. यजमानांच्या टॉर्चचा तर या सगळ्याशी काहीही संबंध नाही.

माझं हे बोलणं कुठे लागू पडत नाही, तेही सांगायला हवं, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट वेगळा असू शकतो.

गरोदर असताना आयजीएम पॉझिटिव्ह आला, तर तो विषय वेगळा आणि गंभीरपणे घ्यायचा. पण तिथेही घाबरून गर्भ पाडायला जाऊ नये. आयजीएम रेंगाळतो हे वर आलंच, आणि चुकीचा पॉझिटिव्हही येतो. अशा वेळी आयजीजीची ॲव्हिडिटी तपासायची. प्रतिपिंड जितकं जुनं तितकं ते घट्ट चिकटतं, हे मोजणारी ती तपासणी. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत ॲव्हिडिटी जास्त आली, तर लागण गर्भधारणेच्या आधीची आणि काळजी मिटली. कमी आली तर मात्र लागण नवीच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण काही बायकांत ती महिनोन्‌महिने कमीच राहते. मग दोन-तीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये दुसरा नमुना देऊन आयजीजी चढतोय का ते बघायचं. खरोखर नवी लागण असेल तर स्पायरामायसिन लगेच सुरू करतात. त्या औषधाची खरी जागा ती. अठरा आठवड्यांनंतर गर्भजल तपासून बाळापर्यंत लागण गेलीय का ते बघता येतं आणि गेली असेल तर औषधं बदलतात. सुरुवातीच्या महिन्यांत आईला लागण झाली तर ती बाळापर्यंत जाण्याची शक्यता कमी, दहातल्या एखादीत, पण गेली तर नुकसान मोठं. शेवटच्या महिन्यांत उलट: जाते पुष्कळांत, पण बाळ जन्मतः बहुधा ठीक दिसतं.

दुसरा अपवाद प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या बायकांचा. उपचार न घेतलेला एचआयव्ही, अवयव बदलल्यानंतरची औषधं, अशा स्थितीत निपचित पडलेला परजीवी पुन्हा उठू शकतो. तुमचा एचआयव्ही निगेटिव्ह आहे, दुसरा मोठा आजार नाही, म्हणून तुम्हाला ते लागू नाही.

परजीवी आणि लवकर जाणारा गर्भ यांचा खरा, सिद्ध झालेला संबंध विचाराल तर मी टॉक्सोच्या आधी मलेरियाचं नाव घेईन, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. थायलंड-म्यानमार सीमेवरच्या छावण्यांत १९८६ ते २०१० या काळातल्या हजारो गर्भवतींच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिल्या तीन महिन्यांत मलेरिया एकदा जरी झाला तरी गर्भपाताची शक्यता साधारण तिप्पट दिसली, आणि ताप असेल तर आणखी जास्त. फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दोन्ही प्रकारांत. सांगली-सातारा या आपल्या दोन जिल्ह्यांत मलेरिया तुलनेने कमी आहे, पण आपली माणसं फिरती आहेत. साताऱ्याकडची निम्मी घरं मुंबईशी बांधलेली, बायका सणावाराला येऊन-जाऊन असतात, आणि मुंबईत पावसाळ्यात मलेरिया हमखास. ऊसतोडीला आलेली कुटुंबं कुठून कुठून येतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कृष्णाकाठी डासांचा काय सुळसुळाट झाला होता, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून एवढं पक्कं ठरवा: पाळी चुकलीय आणि थंडी वाजून ताप आला, तर 'सीझनचा असेल' म्हणून गोळी घेऊन झोपायचं नाही. त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करायची. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. व्हायव्हॅक्ससाठीचं क्लोरोक्विन गरोदरपणी चालतं, प्रायमाक्विन चालत नाही. फाल्सिपेरमसाठी जी औषधं पूर्वी पहिल्या तिमाहीत टाळत, त्यांतलं आर्टेमेथर-लुमेफँट्रिन जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून त्या काळातही द्यायला सांगितलंय. म्हणजे उपचार आहेत, उशीर करायला कारण नाही.

बाकीचे दोन परजीवी थोडक्यात. ट्रायकोमोनास हा योनीमार्गातला परजीवी. हिरवट-पिवळा, वास येणारा स्राव आणि खाज असेल तर तो असू शकतो. त्याचा संबंध दिसतो तो मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी, सातव्या-आठव्या आठवड्यातल्या गर्भपाताशी तसा पुरावा नाही. मेट्रोनिडॅझोलने तो बरा होतो, मात्र नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं, नाहीतर परत येतो. दुसरे हुकवर्म, म्हणजे अनवाणी रानात फिरणाऱ्यांच्या तळपायातून शिरणारे जंत. हे गर्भ पाडत नाहीत, रक्त शोषतात. हिमोग्लोबिन आठवर आलेलं असताना दिवस राहिले की पुढे सगळंच अवघड होतं. म्हणून पुढच्या वेळेआधी हिमोग्लोबिन बघा, कमी असेल तर आत्ताच ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडॅझोलची एक गोळी घ्या आणि लोहाच्या गोळ्या सुरू करा. दिवस राहिल्यावर पहिले तीन महिने जंताची गोळी घेत नाहीत.

मांजराचं काय, ते आता बोलू, कारण तुमच्या घरात भांडण त्यावरून चाललंय. तुमची प्रतिपिंडं आहेत, तेव्हा तुमच्यापुरतं ते मांजर निर्दोष आहे. सासूबाईंना हे माझ्या नावाने वाचून दाखवा. ज्यांचा आयजीजी निगेटिव्ह आहे त्यांच्यासाठीही मांजर हाकलायची गरज नसते. मांजर ही अंडी टाकतं ते बहुतेक आयुष्यात एकदाच, पिल्लू असताना शिकार करायला लागल्यावर, एक ते तीन आठवडे. आणि टाकलेली अंडी लगेच लागण करत नाहीत, त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज दुसऱ्या कुणी काढली की धोका जवळजवळ संपतो. युरोपातल्या सहा शहरांत गर्भवतींना लागण कशातून झाली याचा अभ्यास झाला होता, २००० साली तो प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यात मोठा वाटा कमी शिजलेल्या मांसाचा निघाला, त्यानंतर मातीचा. घरात मांजर असणं हे कारण म्हणून पुढे आलंच नाही.

आपल्याकडे रस्सा मनसोक्त उकळतो, त्यामुळे घरच्या मटणाची मला फारशी चिंता नसते. चिंता असते ती खिम्याचं मीठ कच्चं असतानाच चाखण्याची, कच्चं मटण चिरलेल्या विळीवर तशीच कोशिंबिरीची काकडी चिरण्याची, आणि ढाब्यावरच्या आतून गुलाबी राहिलेल्या तंदुरीची. रानातून आणलेली मेथी-कोथिंबीर दोन-तीन पाण्यांतून धुवावी. हळद काढताना, भाजीपाल्यात खुरपताना हातमोजे घालावेत, निदान जेवायच्या आधी साबणाने नखांपर्यंत हात धुवावेत. पाण्यात टाकलेल्या क्लोरीनने ही अंडी मरत नाहीत, म्हणून पुराच्या दिवसांत उकळलेलंच पाणी.

शेळ्या पाळणाऱ्या गर्भवतींना मी एक गोष्ट निक्षून सांगते, आणि ती तुम्हालाही लागू आहे. शेळी व्यायला लागली किंवा गाभडली तर तिची वार, मेलेलं करडू, ते पाणी, यांना तुम्ही हात लावायचा नाही. घरातल्या दुसऱ्याने, तेही हातमोजे घालून. यात टॉक्सो तर असू शकतोच, पण ब्रुसेला नावाचा जीवाणूही असू शकतो, आणि तो माणसात गर्भपात घडवू शकतो. शेळीचं किंवा गाईचं कच्चं दूध, धारोष्ण म्हणून कौतुकाने दिलेलंही, प्यायचं नाही. तुम्हाला महिनोन्‌महिने बारीक ताप, घाम, कंबर-सांधेदुखी असं काही असेल, किंवा गोठ्यात जनावरं गाभडत असतील, तर ब्रुसेलाची तपासणी करून घेणं टॉर्चपेक्षा कितीतरी शहाणपणाचं आहे.

इथवर काय झालं: टॉक्सोचा तुमच्या दोन गर्भपातांशी संबंध नाही, औषध थांबवा, तपासणी पुन्हा करू नका, मांजर राहू द्या. मग गर्भ गेले कशाने?

प्रामाणिकपणे सांगायचं तर निम्म्याहून अधिक वेळा पहिल्या तीन महिन्यांतला गर्भपात हा त्या गर्भाच्या गुणसूत्रांतल्या गडबडीमुळे होतो. बीज आणि अंडं एकत्र येताना हिशोब चुकतो, तो गर्भ काही आठवड्यांपलीकडे वाढूच शकत नाही. यात तुम्ही काय खाल्लं, जिना चढलात का, प्रवास केलात का, यांचा काडीचाही संबंध नसतो. दिवस राहिल्याचं कळलेल्या शंभर बायकांत पंधराएक जणींचे दिवस असेच जातात. एकापाठोपाठ दोनदा असं होणं निव्वळ योगायोगानेही घडतं. आणि तुमच्या वयात, दोनदा गर्भ गेल्यानंतरही, पुढचं गरोदरपण टिकण्याची शक्यता चारात तीन इतकी असते. हा आकडा तुम्हाला कुणी सांगितला नसेल, म्हणून मुद्दाम लिहिते.

तरी दोनदा झाल्यावर शोध घ्यायचाच, आणि तो योग्य ठिकाणी घ्यायचा. पहिलं म्हणजे रक्तात गुठळ्या करणारी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं. त्यात तीन तपासण्या येतात: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. पॉझिटिव्ह आल्या तर बारा आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करायची, कारण एखाद्या तापानंतरही त्या तात्पुरत्या वाढतात. हे कारण सापडलं तर मला बरंच वाटतं, कारण त्यावर ॲस्पिरिनची लहान गोळी आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं हा ठरलेला उपचार आहे. दुसरं, टीएसएच आणि एचबीएवनसी, म्हणजे थायरॉइड आणि साखर. तिसरं, पिशवीचा आकार. आत जन्मतः पडदा असेल तर तो साध्या सोनोग्राफीत कधीकधी सुटतो, त्रिमितीय सोनोग्राफीत दिसतो. तुम्ही दोघांची गुणसूत्रं तपासायची का, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभरातल्या तीन-चार जोडप्यांतच त्यात दोष सापडतो आणि तपासणी महाग आहे. माझा कल असा, की आधी गेलेल्या गर्भाचा तुकडा तपासला असेल आणि त्यात तसा दोष दिसला असेल, किंवा कुणाच्या घरात असे गर्भपात, व्यंग असलेली बाळं असतील, तर जरूर करावी. नाहीतर आधी बाकीचं. देव करो आणि गरज न पडो, पण पुन्हा तसं झालंच तर पिशवी साफ करताना निघालेला भाग गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवायला आधीच सांगून ठेवा. टॉर्चवर गेलेल्या पैशांत त्यातलं बरंच झालं असतं.

तपासणीत न सापडणाऱ्या दोन गोष्टी मी विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. एक मशेरी. सकाळी दात घासायला म्हणून लावतात, तिला तंबाखू समजत नाहीत, पण ती भाजलेली तंबाखूच आहे. लावत असाल तर दिवस राहण्याआधी सोडा, आणि यजमानांची तंबाखू-सिगारेटही. दुसरं बागेतलं काम. फवारणीचा आणि गर्भपाताचा नेमका किती संबंध, हे औषधागणिक आणि संपर्कागणिक बदलतं, पण ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांना पेस्ट लावणं, फवारणी चालू असताना बागेत असणं, फवारणीचे कपडे हाताने धुणं, ही कामं दिवस राहण्याच्या प्रयत्नात असताना तुम्ही करू नयेत, असं मी माझ्या प्रत्येक द्राक्षवाल्या पेशंटला सांगते. शेतावरच्या घरात हे बोलायला जड जातं, मला माहीत आहे. गरज पडली तर मी चिठ्ठीवर लिहून देते, कारण सुनेच्या तोंडापेक्षा डॉक्टरच्या अक्षराला घरात मान मिळतो.

या तपासण्या महिन्याभरात होतील. त्यांत काही निघालं नाही तर थांबायचं कारण उरत नाही. आजपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅमची फोलिक ॲसिडची गोळी सुरू करा. पाळी चुकली की घरीच तपासा, सहाव्या-सातव्या आठवड्यात पहिली सोनोग्राफी, आणि मनाला धीर येत असेल तर पंधरा दिवसांनी दुसरी. रक्ताचा डाग दिसला तर त्याच दिवशी दाखवा. आधी गर्भपात झालेल्या बाईला या वेळी डाग दिसला, तर प्रोजेस्टेरॉनच्या योनीमार्गात ठेवायच्या गोळ्यांचा थोडा पण खरा फायदा होतो. ब्रिटनमध्ये चार हजारांहून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासातून २०१९ मध्ये हे दिसलं. डाग नसताना सरसकट घेतल्या तर तसा फायदा दिसलेला नाही. झोपून राहायची गरज नाही, घरातली नेहमीची कामं चालतील.

शेवटची गोष्ट तुमच्या आत्ताच्या डॉक्टरांबद्दल. त्यांना सोडून लगेच दुसरीकडे पळू नका. पुढच्या भेटीत दोन्ही वेळच्या सोनोग्राफी, टॉर्चचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून घेऊन जा, यजमानांना बरोबर न्या आणि सरळ विचारा: आयजीएम निगेटिव्ह आणि आयजीजी जुना आहे, तर आणखी औषध कशासाठी, आणि अँटिफॉस्फोलिपिड, थायरॉइड, साखर आपण कधी तपासायची? बहुतेक डॉक्टर असा प्रश्न ऐकून घेतात. न ऐकल्यास मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात हीच फाइल दाखवा. आणि अँटिफॉस्फोलिपिडचे रिपोर्ट हातात आले की मला इथेच लिहा. त्यातले आकडे नेमके कसे वाचायचे, ते मी सांगते.